मुखवटा लहानांचा, तिकीट मोठ्यांचं

सिंधुदुर्गातली सगळ्यात जुनी फ्रँचायझी विष्णूची. दहा भाग, नायक तोच, खलनायक दर वेळी नवा, आणि शेवटचा भाग अजून यायचाच आहे. मार्व्हलवाले ज्याला युनिव्हर्स म्हणतात ते आमच्याकडची दशावतारी मंडळं पेटाऱ्यात भरून या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत नेत असतात. कार्तिकात जत्रा लागल्या की त्यांना उसंत नसते. रात्री उशिरा देवाची पालखी देवळाभोवती फिरून येते, मग पेटी-मृदंग-झांज सुरू होतात आणि उजाडता उजाडता दहीहंडी फुटेपर्यंत धयकालो चालतो. संहिता नाही, पाठांतर नाही. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या सुचतात.

या खेळाला कोणी वय विचारत नाही. पुढे सतरंजीवर पोरं, त्यांच्यामागे बायका, कडेला खांबाला टेकून म्हातारे, आणि खाज्या-लाडवांच्या दुकानांपाशी उभे राहून अर्धं लक्ष देणारे तरुण. सगळ्यांसाठी एकच नाटक. आणि त्या नाटकात काय काय असतं! सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतात, आणि मग काळ्या कपड्यांतला संकासूर येतो. देव शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतात, हा मालवणीत. वेद चोरून आणलेला राक्षस हा, पण मंचावर त्याचा मुख्य उद्योग म्हणजे भटजींची फिरकी घेणं आणि समोरच्या लोकांकडे बघत दुहेरी अर्थाची वाक्यं टाकणं. मागचे म्हातारे खोकतात, बायका पदर तोंडाला लावतात, पुढची पोरं मात्र संकासुराच्या नुसत्या उड्यांना हसतात. हसू एकाच वेळी येतं, कारणं मात्र वेगळी. हल्ली बऱ्याच ठिकाणी आडदशावतार आटोपता घेतात, थेट आख्यानावर येतात. मला ते आवडत नाही, पण सांगतो कोणाला.

आख्यानं तरी कुठे सोवळी आहेत? कीचकवध घ्या. राणीच्या दासीवर डोळा ठेवणारा सेनापती, त्याला अंधाऱ्या नृत्यशाळेत बोलावणं, आणि स्त्रीवेषातल्या भीमाने त्याचा केलेला चेंदामेंदा. भस्मासुराला भुलवणारी मोहिनी घ्या, आणि ती मोहिनी विष्णू, आणि ते दोघंही करणारे गावातले मिशा काढलेले पुरुष. जालंधर-वृंदा तर सगळ्यांवर कडी. पतिव्रतेचं व्रत भंगल्याशिवाय नवरा मरत नाही, म्हणून देव स्वतः नवऱ्याचं रूप घेऊन तिच्या घरी जातो. ही गोष्ट आजच्या कोणत्याही सेन्सॉरच्या टेबलावर ठेवली तर सदस्य एकमेकांची तोंडं बघतील. आणि तिचाच पुढचा भाग म्हणून आम्ही दर कार्तिकात तुळशीचं लग्न लावतो. त्यात सगळ्यात पुढे मुलंच असतात, कारण आवळे, चिंचा, ऊस आणि चुरमुरे त्यांच्यासाठीच असतात.

लहानपणी असल्या एका आख्यानाला मला बसू द्यावं का यावर घरात कुजबूज झाली होती. शेजारच्या काकीने तिथल्या तिथे निकाल दिला. "तेका जितक्या कळात तितक्या कळात, नायतर निजात." तसंच झालं. देवाने रूप पालटलं तेव्हा मी काकीच्या मांडीवर झोपलो होतो, आणि लढाईच्या मृदंगाने जागा झालो. तो प्रवेश मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. कळला तेव्हा राग आला, देवाचाच. पण तो राग यायला मला नवं तिकीट काढावं लागलं नाही. तेच आख्यान, तोच मांडव. वाढलो होतो तो मी.

हे सगळं आता आठवायचं कारण भाच्याचं वय. तो नववीत आहे, मालवणातच वाढला, आणि बोटीच्या इंजिनापेक्षा वुल्व्हरिनच्या पंज्यांची त्याला जास्त माहिती आहे. २०२४ च्या जुलैत 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला तेव्हा मी म्हटलं, पणजीला जाऊन बघू या. त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मामा, 'ए' असा. मोठ्या माणसाबरोबर गेलंय तरी सोडनत नाय."

बरोबर होतं त्याचं. आणि इथेच एक फरक आहे, जो या विषयावर बोलणारे बहुतेक लोक विसरतात. अमेरिकेत अशा सिनेमाला 'आर' प्रमाणपत्र मिळतं. त्याचा अर्थ, सतरा वर्षांखालच्या मुलाने आईबापाबरोबर किंवा जबाबदार मोठ्या माणसाबरोबर यावं. म्हणजे दार बंद नाही, दाराशी पालक उभा आहे. आपल्या 'ए'ला पालकही चालत नाही. अठराच्या आतल्याला बाप कडेवर घेऊन आला तरी मनाई. तिकडच्या निर्मात्यांना 'आता जरा मोठ्यांसाठी करून बघू' म्हणणं सोपं जातं, कारण त्यांच्याकडे तो निर्णय शेवटी घरात होतो. तोच सिनेमा समुद्र ओलांडून आपल्याकडे आला की तो निर्णय डोअरकीपरकडे जातो.

मार्व्हलची मालिका २००८ पासून चाललेली, घरभर मिळून बघायची, डिस्नेच्या छत्राखालची. त्या मालिकेतला हा पहिला 'आर' सिनेमा. जगभरात त्याने एक अब्ज तीस कोटी डॉलर्सहून जास्त कमावले, त्यामुळे करायला हवा होता का, हा प्रश्न हिशेबनीसांपुरता तिथेच संपला. माझ्यापुरता तो जत्रेत सुरू झाला. खेळण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकचे मुखवटे टांगलेले होते. स्पायडरमॅन, हनुमान, हल्क, आणि त्यांच्यामध्ये लाल-काळा डेडपूल. पाच-सहा वर्षांचं एक पोरगं तो चढवून बापाच्या पायांमधून धावत होतं. त्या मुखवट्यावर कुठेही 'ए' लिहिलेलं नव्हतं.

माझा आक्षेप एवढाच आहे. सिनेमात रक्त आहे, शिव्या आहेत, अंगचटीचे विनोद आहेत, याला माझी हरकत नाही. संकासुराचा प्रेक्षक आहे मी. पण मुखवटा पाच वर्षांच्याला विकायचा आणि गोष्ट अठरा वर्षांच्याला सांगायची, यात व्यापाराखेरीज काही दिसत नाही.

हॉलिवूडमध्ये हा वाद जुना आहे. १९८४ मध्ये स्पीलबर्गच्या इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या भागात जिवंत माणसाच्या छातीतून काळीज उपटून काढलं, पालक भडकले, आणि त्याच उन्हाळ्यात तिकडे 'पीजी-१३' ही नवी पायरी आली. तशी पायरी हवी अशी सूचना खुद्द स्पीलबर्गचीच. 'स्टार वॉर्स' १९७७ पासून त्या पायरीच्या खालीच राहिला होता. २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये लाडका नायक सैतान होतो, लहान शिष्यांवर तलवार उपसतो, शेवटी जळत्या लाव्ह्याशेजारी हातपाय गमावून पडतो. तेव्हा कुठे तो वर चढला, तोही तेरापर्यंतच. तलवार उपसलेली दिसते, वार दिसत नाही. गोष्ट काळीकुट्ट झाली, पण जे पोरगं पहिल्यापासून बघत आलं त्याला बाहेर काढलं नाही. उलट २०१७ च्या अखेरीस बातमी आली की क्वेंटिन टॅरंटिनो 'स्टार ट्रेक'चा 'आर' सिनेमा करू पाहतोय. माणसांनी एकमेकांचा जीव न घेता ग्रहांवरून ग्रहांवर जावं असं स्वप्न १९६६ पासून दाखवणारी ती मालिका. तो सिनेमा झाला नाही. मला वाईट वाटलं नाही, आणि टॅरंटिनोचे सिनेमे मी आवडीने बघतो.

पण उलटा प्रवास आपण मराठीत केलेला आहे आणि त्याचं श्रेय आपण कधी घेतलं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' आला. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या घरात येतो. प्रमाणपत्र 'आर'. महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये तीच कल्पना उचलली आणि 'झपाटलेला' केला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि बाहुला ज्याच्या घरी येतो तो लहान मुलगा नाही, बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेला मोठा झालेला लक्ष्या. एवढ्या एका बदलाने सिनेमाचं सगळं गणित फिरलं. धोक्यात मूल नाही, धोक्यात लक्ष्मीकांत बेर्डे. म्हणजे भीती वाटली तरी हसायची सोय. त्या बाहुल्याने, तात्या विंचूने, आमच्या पिढीची झोप उडवली. संडासला जाताना आईला दाराबाहेर उभं करणारी मुलं आमच्या वाडीत होती. पण बघितला सगळ्यांनी, आजीसकट. चोरून नाही, एकत्र.

प्रभावळकरांचं नाव निघालं तर थोडं थांबतो. ज्या माणसाने मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' लिहिला त्यानेच तात्या विंचूला आवाज दिला. २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' सिनेमा आला तेव्हा भा. रा. भागवतांच्या भूमिकेत पुन्हा तेच. फुरसुंगीचा सायकलवाला बन्या त्या सिनेमात मोठा झाला होता, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आला होता, आणि एका विद्यार्थ्याच्या मृत्यूमागचा घोटाळा शोधत होता. वाचून वाढलेल्या चाळिशीच्या बाप्यांना ते आवडलं, मलाही आवडलं. पण शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीने मध्यंतरात बाबाला विचारलं की हा शाळेत कधी जाणार, आणि बाबाला उत्तर सुचलं नाही. सिनेमाने तिला दार बंद केलं नव्हतं, तरी तिचा नायक तिच्या वडिलांनी पळवला होता. २०२५ च्या 'दशावतार'मध्ये तेच प्रभावळकर ऐंशी ओलांडलेल्या वयात आमच्या मातीतले बाबुली मेस्त्री झाले, नजर अधू झालेले दशावतारी. पूर्वार्ध बापलेकाचा, उत्तरार्ध सूडाचा. डोंगर पोखरणाऱ्यांसमोर एकेक अवतार उभा राहतो. काही हत्या बघताना मी स्वतः खुर्चीत मागे सरकलो. पण ते अवतार मुळात तेच काम करायला आले होते ना? नरसिंहाने हिरण्यकशिपूला समजावून सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत 'महावतार नरसिंह' हा अ‍ॅनिमेशनपट आला. नखांनी पोट फाडलेलं त्यातही आहे, आणि त्याला आजोबा नातवंडांना घेऊन गेले. सात सिनेमांची ती मालिका २०३७ पर्यंत चालवायची आखणी निर्मात्यांनी जाहीर केली आहे, शेवटचे दोन कल्कीचे. कल्कीला सिनेमावाल्यांनी तेवढी वाट बघू दिली नाही म्हणा. २०२४ चा 'कल्कि २८९८ एडी' त्याच्याच येण्याची गोष्ट. दहावा अवतार आणि उडती वाहनं एका ताटात. त्यातला मूळ विषय काय? बायकांना प्रयोगशाळेत कोंडून त्यांच्या गर्भातून एका सत्ताधीशासाठी अर्क काढणं. यापेक्षा प्रौढ विषय विज्ञानपटात मी पाहिलेला नाही, आणि सिनेमाला प्रमाणपत्र होतं यूए. दिग्दर्शकाने प्रयोगशाळेचं दार उघडलं, पण आत किती वेळ थांबायचं ते त्याला ठाऊक होतं.

हिंदीत हे कसब जुनंच आहे. 'मिस्टर इंडिया', १९८७. अदृश्य करणारं घड्याळ, लाल दिव्यात दिसणारा नायक, अनाथ मुलांनी भरलेलं घर. पोरांचा सिनेमा म्हणून सगळं गाव गेलं. त्यात श्रीदेवीचं निळ्या साडीतलं गाणंही आहे, समोर न दिसणारा पुरुष धरून. आमच्या आयांनी ते गाणं समोर असताना एकदम घरी दूध तापवलं होतं का यावर चर्चा काढली. आणि त्याच सिनेमात चिमुकली टीना बॉम्बने मरते. मुलांच्या सिनेमात मूल मारायची हिंमत आज किती फ्रँचायझींमध्ये आहे? 'ए' सिनेमात शंभर मुंडकी उडतात, त्यातलं एकही लक्षात राहत नाही. टीना अजून लक्षात आहे.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मी सगळं सोवळ्यात गुंडाळून ठेवणारा काका वाटेन. काही गोष्टी खरोखर मोठ्यांसमोरच सांगाव्या लागतात. 'लोगन' हे त्याचं चांगलं उदाहरण, २०१७ चं. सतरा वर्षं पडद्यावर वावरलेला वुल्व्हरिन म्हातारा झालाय, जखमा भरत नाहीत, आणि बापासारखा असलेला प्राध्यापक स्वतःच्या मनावरचा ताबा घालवून बसलाय. ती दारू, ती थकलेली शिवी, ते रक्त काढलं तर सिनेमात काही उरत नाही. ज्यांनी २००० मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला भाग शाळेत असताना पाहिला ते तोवर तिशीला आले होते, म्हणजे सिनेमा आपल्या प्रेक्षकाबरोबर म्हातारा झाला. त्याला मी दोष देत नाही. फक्त एवढं बघा, त्याच्या नावातही 'एक्स-मेन' नाही.

मराठी विज्ञानकथेचीही एक तक्रार माझ्या मनात आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, तिथून जे सुरू झालं त्यावर आम्ही वाढलो. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. अवतार आणि असुर तिथेही आहेतच. 'वामन'मध्ये तर माणसाने घडवलेलं बुद्धिमान यंत्र तीन पावलं मागायला येतं, आणि ते पुस्तक आज वाचताना जास्त भीती वाटते. शाळकरी मुलाच्या हाती निर्धास्त द्यावीत अशी ही पुस्तकं. पण त्यांतल्या माणसांना घाम क्वचित येतो, वासना जवळजवळ नाहीच, आणि बायका बऱ्याचदा चहा घेऊन येतात. तिथे कोणीतरी मोठ्यांची विज्ञानकथा जोरकसपणे लिहायला हवी होती आणि अजूनही लिहायला हवी. नव्या नावाने, नव्या माणसांची. नारळीकरांच्या वामनाला दारू पाजून ते होणार नाही.

शिव्यांचं म्हणाल तर आमच्या तालुक्यातल्या रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी तो प्रश्न १९८० मध्येच निकालात काढला. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण', गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात त्याचा फज्जा. मालवणी शिव्यांची लाखोली, आणि प्रयोग पाच हजारांच्या वर. पुलंनी पाहून वाखाणलं, नाटक लंडनला गेलं, दादर-गिरगावात सासूसुना शेजारी बसून हसल्या. त्या आधीच्या दशकात 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना न्यायालयापर्यंत लढावं लागलं होतं. तो सखाराम मोठ्यांचाच होता आणि कोणी त्याला लहानांचा म्हणून विकतही नव्हतं. दोन्ही नाटकं आपापल्या जागी प्रामाणिक. 'वस्त्रहरण'मधल्या तात्या सरपंचाची शिवी कोणाला आत घेण्यासाठी नव्हती, कोणाला बाहेर ठेवण्यासाठीही नव्हती. ती त्याची बोलण्याची रीत होती. डेडपूलची शिवी मात्र बघा, आम्ही आता काय काय बोलतो, असं प्रेक्षकाकडे बघून सांगणारी. तिथे 'ए' हीच जाहिरात होते.

हल्ली धयकाल्यात ट्रिकसीन आले आहेत. धूर येतो, वीज चमकते, देव तारेवरून उतरतो, राक्षसाचं मुंडकं तबकात बोलतं. जाणती माणसं नाकं मुरडतात, पोरं जागी राहतात. उद्या कोणी मंडळ 'फक्त प्रौढांसाठी, ट्रिकसीनसह' असा फलक लावेल का? गर्दी होईल. पण पुढची सतरंजी रिकामी राहील, आणि दशावतारात उद्याचा कलावंत त्याच सतरंजीवर बसलेला असतो. राजा करणारे कितीतरी नट आधी तिथेच पेंगलेले आहेत.

तेव्हा माझं मत असं. मुलांच्या खाऊच्या पैशांवर वाढलेल्या मालिकेने त्याच नावाने मुलांना दार बंद करू नये. काळी गोष्ट सांगा, माणूस मारा, नायकाला पाडा, सगळं त्याच मांडवात करता येतं, फक्त त्याला जास्त अक्कल लागते. ज्याला ते खरंच जमत नाही, किंवा ज्याच्या गोष्टीला 'ए'शिवाय इलाज नाही, त्याने नवं नाव घ्यावं आणि त्याचे मुखवटे जत्रेत विकू नयेत.

एक कामाची गोष्ट जाता जाता. आपल्याकडे यूए प्रमाणपत्र १९८३ मध्ये आलं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे तीन भाग झाले आहेत, सात, तेरा आणि सोळा. हे आकडे पालकांसाठी सल्ला आहेत, मनाई नाही. मनाई फक्त 'ए'ला आहे. पोस्टरवर यूए १६+ दिसलं आणि घरात चौदा वर्षांचा मुलगा असेल, तर कायद्याने निर्णय तुमच्यावर सोडलेला आहे. मोबाइलवर तो एरवीही एकटा बघणारच आहे. त्यापेक्षा तिकीट काढा आणि शेजारी बसा.